मुका कॅमेरा

हलकं ते हलकंच. कॅमेरा असो, माणूस असो, नाहीतर ताटातला फुफूचा गोळा. पोटात पडल्यावर आपण जेवलो हेच कळलं नाही, तर ते जेवण कसलं?

माझा धाकटा भाऊ बाडू टेमा बंदराहून तो नवा कॅमेरा घेऊन आला, तेव्हा मी तो तळहातावर तोलला आणि विचारलं, "अर्धा वाटेत विकलास काय रे?"

"दादा, ह्याच्या आत आरसाच नाही. आरसा गेला, वजन गेलं."

"आणि अक्कल? ती कुठं गेली?"

बाडू हसला. माझी बायको सेर्वाही हसली, आणि जरा लवकरच हसली. तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. हे दोघं माझ्यामागं फोनवर बोलत होते हे मला ठाऊक होतं. मी आमच्या फोटोच्या दुकानात शिरलो की सेर्वा "बरं, ठेवते" म्हणायची. अहो, कुमासी शहराच्या आसपास मयतींचे फोटो काढण्यात माझे केस पिकले. मयताच्या घरी खरं कोण रडतंय आणि घरावर डोळा ठेवून कोण रडतंय, हे मी दारातून सांगतो. मग माझ्याच घरात पाणी कुठं मुरतंय हे मला कळू नये?

"तुमच्या खांद्यासाठी आणलाय हो," सेर्वा म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले विसरलात? हात वर जात नाही, सदरासुद्धा मी चढवते."

"सदरा चढवतेस म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधू नकोस."

खांदा दुखत होता हे खरं. पण माझा जुना कॅमेरा म्हणजे काय चीज होती! दगडासारखा जड, आणि दर फोटोला आतला आरसा आपटायचा, खटाक! त्या आवाजाला मयतीच्या मांडवात मान होता. खटाक ऐकलं की आत्याबाई अंगावरचं कापड सावरायच्या, जावई पोट आत घ्यायचे, वाटणीवरून तोंड फिरवलेले भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. मी कुठं आहे, कुणाचा फोटो काढतोय, कधी थांबलोय, सगळ्या मांडवाला कळायचं. लपूनछपून काही नाही.

हा नवा मात्र मुका. दाबलं तरी हूं की चूं नाही. फोटो निघाला का, हे त्याच्याच तोंडाकडे बघून समजून घ्यायचं. म्हणजे चोरी केलीस का, हे चोरालाच विचारायचं. बाडू म्हणाला, "दादा, मी चर्चमध्ये वापरायचो म्हणून आवाज बंद ठेवलाय. हवा तर लावून देतो." लावला, तर कोंबडीच्या पिल्लानं चिवचिवावं तसं काहीतरी वाजलं. मयतीत हे? मी म्हटलं, बंद कर बाबा, लोक रडायचं सोडून हसतील.

शुक्रवारी संध्याकाळी बाडू टेमाला परत गेला. शनिवारी सकाळी उठून बघतो तर फळीवर जुना कॅमेरा नाही.

"जुना कुठाय?"

"आहे," सेर्वा म्हणाली.

"कुठं?"

"आहे म्हटलं ना. चला, पोकुआ आजींची मयत आहे, आज तरी उशीर नको."

विकला! बाडूबरोबर पाठवून विकला. नवरा खांद्यानं गेला, आता कॅमेऱ्यानंही गेला. वाटेत गाडीत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मागच्या सीटवर फोटो छापायचं यंत्र आणि एक काळ्या कापडाचं गाठोडं होतं. गाठोडं कसलं, हेसुद्धा मी रागानं विचारलं नाही.

पोकुआ आजी म्हणजे आमच्या नानांची थोरली बहीण. नाना आमचे राजे. आई लवकर गेली, तेव्हा आजीनंच त्यांना पाठीवर बांधून वाढवलं. आजी आतल्या खोलीत पितळी पलंगावर सजवून निजवली होती. बाहेर अंगणात नाना मोठ्या छत्रीखाली बसले होते. नानांनी आत जायचं नाही. राजानं प्रेताचं तोंड बघायचं नसतं, मग ते सख्ख्या बहिणीचं का असेना. आणि राजानं रडायचंही नसतं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं तर गावावर संकट येतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. मी नानांचे इतके फोटो काढले, सगळ्यांत एकच चेहरा, लाकडात कोरलेला.

सकाळभर मी त्या खेळण्यानं काम केलं. कुणी वाट देईना. लाल-काळी कापडं नेसलेले पाहुणे उजवीकडून डावीकडे हात मिळवत निघाले होते. मी फोटो काढले तर एक म्हातारी म्हणते, "अम्पोफो, उभा काय राहिलास? काढ की फोटो!"

"काढला, आजी."

"कधी? माझे डोळे मिटले होते की उघडे?"

"उघडे."

"खोटं! दाखव." आणि बघून म्हणाली, "ही मी नाहीच."

आमचाच एक फोनवाला फोटोग्राफर आहे, अडारक्वा नावाचा. जिथं मी तिथं तो, माझ्या पाठीला चिकटून. माझ्या हातातलं बघून तो खिदळला, "काय अम्पोफोकाका, कॅमेरा धुतला काय? आटला!" मी दात खाल्ले आणि पुढं सरकलो.

मग पूर्वजांना दारू वाहून झाली आणि नानांसाठी ताडीनं भरलेला सुका भोपळा आला. नानांना पिताना कुणी बघायचं नसतं. दोन सेवकांनी पुढं जाड कापड धरलं, मांडवानं माना खाली घातल्या. मी कॅमेरा छातीवर सोडला, बोट नेहमीसारखं बटणावर. जुन्याचं बटण कसं, अंगठ्याएवढा जोर लावल्याशिवाय दबायचं नाही. वर्षानुवर्षं बोट त्यावर निवांत पडून असायचं. मी कापडाच्या अगदी बाजूला उभा होतो, मान खाली घालून.

"काढला!" अडारक्वा मागून ओरडला. "अम्पोफोनं पडद्याआडचा फोटो काढला! त्याच्या कॅमेऱ्याची काच चमकताना मी पाहिली!"

माना वर झाल्या. कापड खाली आलं. नाना लाकडाचे.

खरं तर मी गप्प बसलो असतो तर चार लोकांनी अडारक्वाला 'गप रे' म्हणून बसवलं असतं. पण माझं डोकं सकाळपासून तापलेलं. एक तर घरचे माझ्यावर डाव टाकणार, वर हा टिनपाट मला चोर म्हणणार?

"मी बटण दाबलेलं नाही!" मी ओरडलो. "नानांची आण घेऊन सांगतो!"

ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. नानांची आण एकदा तोंडातून गेली की विषय तुमचा राहत नाही. तो नानांपुढंच सुटला पाहिजे, त्याच दिवशी. आण खोटी ठरली तर दंडाचा मेंढा तर द्यायचाच, पण त्या गावच्या मांडवात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आणि एका गावानं दार लावलं की आसपासची गावंही लावतात. शपथमोड्याला आपल्या मयतीत कोण उभं करणार? मयती नाहीत तर मी कोण? खांदा मोडलेला एक चिडका म्हातारा.

मला आतल्या चौकात नेलं. नाना, त्यांचे काठीवाले अप्राकू, मी आणि माझ्यामागं सेर्वा, एवढेच. बाकीचे दाराबाहेर. नाना कुणाशी थेट बोलत नाहीत; त्यांचं म्हणणं अप्राकू सांगतात, आपलंही अप्राकूंनाच सांगायचं. मी चपला काढल्या. राजापुढं डावा खांदा उघडा करायचा असतो, तोही सेर्वानंच सदऱ्यातून सोडवला. कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं तिथं खोल चर पडलाय. मला लाज वाटली.

"आण घेतलीस," अप्राकू म्हणाले. "आता दाखव."

"दाखवतो की! भीती कसली?" मी ताठ मानेनं मागची काच उजळली. आवाज आला नव्हता म्हणजे फोटो निघाला नव्हता. साधा हिशोब.

पहिल्यांदा दिसलं नुसतं कापड. मग पुन्हा कापड, जरा तिरकं. मग कापडाची कड. ह्या नव्याचं लोण्यासारखं मऊ बटण, त्यावर माझं निवांत पडलेलं बोट, आणि मुका कॅमेरा घडाघड फोटो काढत गेला होता. शेवटच्या फोटोत कडेपलीकडे नाना होते.

नाना पीत नव्हते. भोपळा मांडीवर भरलेला तसाच होता. नाना रडत होते. तोंड वाकडं करून, नाक गळत, आईनं बाजारात सोडलेल्या पोरासारखे.

माझा अंगठा पुसायच्या बटणावर होता. एकदा दाबलं की झालं, ह्या कॅमेऱ्यानं तेही आवाज न करता केलं असतं. अप्राकूंना काचेवरचं दिसत नव्हतं. सेर्वाला दिसत होतं. ती म्हणेल, पुसा हो, असं मला वाटलं. ती काही बोलली नाही.

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि दगा दिला तो माझ्या स्वतःच्या बोटानं. रडू आलं मला, खरं सांगतो.

"अप्राकू," मी म्हणालो, "नानांना सांगा, फोटो निघालाय. माझ्याकडून निघालाय. आण खोटी ठरली." आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

अप्राकूंनी पाहिलं. त्यांनी तो नानांपुढं धरला. नानांनी पाहिलं. बाहेर ढोल वाजत होते. मग ते अप्राकूंच्या कानाशी काहीतरी बोलले. अप्राकू दारात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "नानांनी पाहिलं. कापड आहे, नुसतं कापड. अम्पोफोची आण खरी." बाहेर अडारक्वा काहीतरी म्हणू लागला, तर दोघाचौघांनी त्याला खाली बसवलं.

मी वाकून उभा होतो. आणि नाना बोलले. थेट माझ्याशी. असं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुझा तो मोठा कुठंय?"

"नाना, माझा खांदा..."

"खांदा दिसतोय मला. त्या कॅमेऱ्याचा आवाज यायचा. आवाज आला की मी तोंड सावरायचो. थांबला की कळायचं, आता कुणी बघत नाही. आज सकाळपासून आवाजच नाही. मला वाटलं, अम्पोफो आलाच नाही."

मी मान आणखी खाली घातली.

"मला आत जाता येत नाही," नाना म्हणाले. "तिनं मला पाठीवर वागवलं आणि मला तिच्यापाशी दोन पावलं जाता येत नाही. हा फोटो कागदावर निघतो?"

"निघतो, नाना," माझ्याआधी सेर्वाच म्हणाली. "गाडीत यंत्र आहे."

"मग काढ, पोरी. शवपेटी बंद व्हायच्या आत तिच्या कापडाखाली ठेव. सगळ्यांनी तिच्यासोबत आपापल्या वस्तू दिल्यात. माझ्याकडून हा. मी रडलो, हे तिला कळू दे. नंतर तो ह्यातून पुसून टाक."

सेर्वानं गाडीत फोटो छापला. मी पाठमोरा उभा राहून आडोसा केला. आजीच्या कापडाखाली तो तिनंच सरकवला, फोटोची बाजू आजीकडे. मग मी पुसला. पेटी बंद झाली.

परत गाडीशी आलो तर सेर्वानं ते काळं गाठोडं सोडलं. आत माझा जुना.

"बाडूला विकायला दिला असं वाटलं ना तुम्हाला?"

"छे छे," मी म्हणालो.

"कळतं मला. तुम्ही चिडून नवा फेकाल म्हणून हा बरोबर आणला. घ्या. एकदाच. मग मी धरीन."

तिनं पट्टा माझ्या दुखऱ्या खांद्यावर चढवला. नाना पुन्हा छत्रीखाली येऊन बसले होते. पेटी त्यांच्या पाठीमागच्या वाटेनं स्मशानाकडे निघाली होती आणि त्यांना वळून बघता येत नव्हतं. मी समोर गेलो आणि दाबलं. खटाक! सगळ्या मांडवानं मान वळवली. नानांचा चेहरा लाकडाचा झाला. मी आणखी एकदा खटाक केलं.

मग मी कॅमेरा खाली केला, बोट बटणावरून काढलं, आणि नानांकडे पाठ करून उभा राहिलो. पेटी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी आवाज केला नाही.