हवेत थांबलेलं माप

रूसे शहराच्या पाणीखात्यात झ्द्राव्का सव्वीस वर्षं नकाशे काढत होती. आधी शाईने, मग संगणकावर. डोळे गेले, पाठ गेली, खुर्ची मात्र तीच.

आज बालवाडीसमोरचा रस्ता तिच्या सहीवर खणला जाणार होता. ‘खाली काही नाही’ लिहायचं, सही ठोकायची, दुपारी जेसीबी निघणार. गॅसवाल्यांनी पाठवलेल्या नकाशात रस्ता होता, बालवाडीची भिंत होती, बाकी कोरं. फक्त भिंतीपासून एक माप निघालं होतं, एक मीटर वीस. ते रस्त्यात येऊन हवेतच थांबत होतं.

“ल्यूबेन, हे माप कशापर्यंतचं?”

ल्यूबेन तिचा साहेब, पण तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. तोंडात चीजची बानित्सा. “राहिलं असेल कुणाचं पुसायचं. ताई, सही करा ना.”

“हवा कोण मोजतं रे?”

तिने फाइलीतली यादी उघडली. यादीत रस्ता-भिंत सोडून आणखी एकतीस वस्तू, पडद्यावर त्यातली एकही नाही. मग तिला उमगलं. गॅसवाले आपल्या नळ्या वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये काढतात. त्यांचं छोटं जोड-सॉफ्टवेअर आपल्याकडे बसवलं नाही, तर त्या दिसतच नाहीत. फुकट मिळतं ते!

“अशी फाइल उघडली की सूचना यायला हवी.”

“यायची की. रोज डोकं खायची. मागच्या वर्षी मीच सगळीकडे बंद केली.”

“शाब्बास! कुत्रं भुंकतं म्हणून त्याचंच तोंड बांधलंस.”

“आता नवीन काही बसवायचं तर पासवर्ड लागतो. संगणकवाला सुट्टीवर आहे, वार्नाला, समुद्रावर.”

“मग जेसीबीलाही पाठव वार्नाला. मी सही करत नाही.”

ल्यूबेनने चरफडत फोन लावला. समुद्रावरून कुणीतरी ओरडून पासवर्ड सांगितला. पाच मिनिटांचं काम. तिने फाइल पुन्हा उघडली.

पिवळी रेघ, गॅसची नळी. भिंतीपासून बरोबर एक मीटर वीसवर, खणायच्या चराच्या ऐन मधून.

ल्यूबेनने घास तसाच गिळला आणि जेसीबीवाल्याला थांबवलं. मग खुर्चीत बसत म्हणाला, “वाचवलंत, ताई. वर बोलू नका हं. जा आता घरी, दमलात.”

दमली होतीच. पण मागच्या वर्षापासून ‘खाली काही नाही’वर सह्या कुणाच्या होत्या? तिच्याच. त्यातले निम्मे चर अजून खणायचे होते. तिने त्या सगळ्या फायलींची यादी पडद्यावर काढली.

“किती फायली आहेत?” ल्यूबेनने हळूच विचारलं.

“बत्तीस. बानित्सा ठेव आणि कागद घे. मी वाचते, तू लिही.”

तिने चष्मा पुसला आणि पहिली उघडली.