पंख्याखालची घडी

गोमटेशच्या आईला घरातले सगळे आक्का म्हणायचे, पोटचा मुलगासुद्धा. आक्का तशी मऊ बाई. मोठ्यानं बोलणं नाही, कुणाची उणीदुणी नाहीत. पण एकदा नियम घेतला की मग तिच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. नेमिनाथ, म्हणजे तिचे यजमान आणि गोमटेशचे दादा, वारले, त्या वर्षीच्या चातुर्मासात तिनं गावाकडच्या मंदिरात माताजींसमोर, म्हणजे जैन साध्वींसमोर, हात जोडले आणि परिग्रहाला मर्यादा घालणारा नियम घेऊन आली. आहे तेवढ्यातच राहीन. माझ्यासाठी नवी वस्तू घरात येणार नाही. मोडली तर दुरुस्त करून वापरीन आणि दुरुस्त होईना तर तिच्यावाचून राहीन.

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी आल्यावर तिनं हे सगळ्यांना जेवताना सांगितलं. गोमटेशनं थट्टा केली, "मग वस्तू चिकटवायला एम-सील आणलं तर ती नवी वस्तू झाली का, आक्का?"

"मलम लावल्यावर माणूस नवा हुतोय व्हय रं?" आक्का म्हणाली, आणि जेवणाच्या शेवटी खायचा गुळाचा खडा तिनं तोंडात टाकला. तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. नुसत्या वासावर गूळ जुना की नवा हे ती सांगायची, आणि जगात तिला दुसरा कसलाही शौक नव्हता.

नियमात तिच्या वाट्याला जे आलं त्यात एक पोपटी रंगाचा टेबल फॅन होता. गोमटेश बारावीला होता तेव्हा नेमिनाथांनी आणलेला. आक्काच्या खोलीत लाकडी स्टुलावर तो असायचा. त्याच्या एका पायाचं रबर कुठल्याशा घर बदलण्यात हरवलं होतं, म्हणून नेमिनाथांनी आपल्या जुन्या धोतराचा तुकडा घडी करून त्या पायाखाली सरकवला होता. आक्का रोज सकाळी पाती हलक्या हातानं पुसायची, आत एखादा कोळी-बिळी तर नाही ना हे बघायची, घडी उचलून झटकायची आणि पुन्हा त्याच पायाखाली घालायची. मग बटण दाबायचं.

त्या पंख्याचं एक जुनं दुखणं होतं. उभा दांडा खालच्या प्लास्टिकच्या बैठकीत चार स्क्रूंनी आवळलेला होता, आणि ते स्क्रू ज्यात शिरतात त्या पोकळ खुंट्या प्लास्टिकच्याच. प्लास्टिक म्हातारं झालं की बिस्किटासारखं तुटतं. एक खुंटी तुटली की दांडा मान टाकायचा. नेमिनाथ मग ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि गोमटेशला शेजारी बसवायचे. तुटक्या जागी झटपट चिकटणाऱ्या क्विकचा थेंब, त्यावर खाण्याच्या सोड्याची चिमूट, पुन्हा थेंब, पुन्हा चिमूट. सोड्यावर क्विक पडलं की बघता बघता दगड होतो. असं थर देत खुंटी पुन्हा उभी करायची. स्क्रूला आधी ग्रीस लावायचं, नाहीतर तो आतच चिकटून बसतो. आणि आवळताना शेवटचा आटा दोनच बोटांनी. "मनगट लावायचं न्हाई. लोखंड न्हाई ते," नेमिनाथ दर वेळी बजावायचे. त्यांच्यानंतर हे काम गोमटेशकडं आलं आणि तोही ते झकास करायचा. मुद्दाम सांगायला हवं, त्याला येत नव्हतं असं मुळीच नाही.

यंदा ऐन एप्रिलात आक्काची चादर वायरीत अडकली आणि पंखा स्टुलावरून खाली आला. चारही खुंट्या तुटून उडाल्या. दांडा पार आडवा झाला.

"झालं त्याचं," आक्का म्हणाली. तिनं घडी तेवढी स्टुलावर नीट ठेवली.

"झालं काय? चार दिवसांत करून देतो," गोमटेश म्हणाला आणि पंखा दुकानात घेऊन गेला.

दुकान ठिबक सिंचनाच्या पाइपांचं. उन्हाळा म्हणजे त्याचा हंगाम. आटपाडीपासून डाळिंबवाले येऊन बसलेले, फोन कानाचा सुटत नाही. पंखा मागच्या गोदामात नळ्यांच्या वेटोळ्यांमागं गेला तो गेलाच. इकडं आक्का दुपारी फरशीवर पदर पसरून पडायची. प्रियदर्शनी, गोमटेशची बायको, म्हणाली, "आमच्या खोलीत एसी आहे, तिथं झोपा की." तर आक्काचं उत्तर ठरलेलं, "त्यो तुमच्यासाठी आणलाय." रोज रात्री एसीच्या गारव्यात शिरताना गोमटेशला पंखा आठवायचा आणि रोज सकाळी तो विसरायचा. प्रियदर्शनीनं टोचलं की तो चिडायचा. आपलं चुकतंय हे ठाऊक असलं की माणूस जरा जास्तच चिडतो.

मे महिन्यात पाइप कंपनीच्या मीटिंगला तो साताऱ्याला गेला. परतताना पोवई नाक्याच्या पुढं एका गल्लीत जुन्या सामानाचं दुकान दिसलं आणि त्याच्या दारातच पोपटी पंखा उभा. अगदी तोच. तोच रंग, तीच बटणं, तोच कंपनीचा बिल्ला. गोमटेशनं गाडी बाजूला घेतली.

दुकानदार तात्याबा खुर्चीतून न उठताच म्हणाला, "घ्या की सायेब. फौजीच्या घरचा हाय. लेकीच्या लग्नात दिल्याला, ती गेली नवऱ्यासंगं पठाणकोटला. माळ्यावर पडून व्हता बघा, वापर न्हाईच. वारा लय गार."

"आमच्या घरी आहे असाच. मोडलाय."

"मग त्योच हाय म्हना की. कुणाला कळतंय?"

हे तात्याबा सहज बोलला. गिऱ्हाइकाशी असंच बोलायचं असतं. पण गोमटेशनं ते वाक्य पंख्याबरोबर गाडीत घातलं आणि सांगलीपर्यंत आणलं.

रविवारी त्यानं दुकानाचं शटर आतून ओढलं आणि कामाला लागला. जुन्या पंख्याची पाती काढून नव्याला बसवली. गंज चढलेली जुनी जाळीही नव्यावर चढवली. अंकितानं, त्याच्या लेकीनं, लहानपणी बैठकीवर सफरचंदावरचं स्टिकर चिकटवलं होतं, ते गरम पाण्याच्या फडक्यानं हळूहळू सोडवून इकडं आणलं. वायरीला जिथं काळी टेप होती तिथंच मोजून टेप गुंडाळली. पिवळी पडलेली बटणंसुद्धा एकेक करून काढून लावली. संध्याकाळ झाली. तेवढ्या वेळात चार काय, आठ खुंट्या उभ्या राहिल्या असत्या. हा विचार त्याच्या मनात तेव्हा आला नाही. उलट, आईसाठी आपण किती खपतोय याचं त्याला बरंच वाटत होतं.

स्टुलावरच्या घडीवर एक पाय टेकवून त्यानं पंखा ठेवला तेव्हा आक्का माळ ओढत बसली होती. ती उठून आली.

"बसल्या खुंट्या?"

"बसल्या."

तिनं बैठकीवर हात ठेवला. पंखा जरासा डुगडुगला. तिनं वाकून बघितलं, मग मान वर करून लेकाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यो आपलाच न्हवं रं?"

"आपलाच की! दुसरा कुठला?"

"बरं," आक्का म्हणाली. गोमटेश प्लग लावायला वळला तेव्हा पायाखालची घडी तिनं ओढून काढली, तळहातानं सरळ केली आणि कनवटीला खोचली. पंखा स्थिर झाला. बटण दाबल्यावर वारा सुटला, आणि गोमटेशचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी आक्का मंदिरात जाऊन आली आणि संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, जेवायला बसली. प्रियदर्शनीनं नेहमीसारखा गुळाचा खडा ताटात ठेवला, तर तिनं तो बाजूला सारला.

"सोडला."

"आता हे काय नवीन?" गोमटेशनं विचारलं. "किती दिवस?"

"आजन्म."

गोमटेश हसला. "चला, डॉक्टर खूश होतील. शुगरची भीती गेली." आक्काही हसली. तो विनोद त्यानं नंतर दुकानात दोघातिघांना सांगितलासुद्धा.

पावसाळा आला, उन्हाळ्याची तलखी गेली, तरी दुपारी आक्का पंखा लावायची. पर्युषणाच्या दिवसांत एकदा गोमटेश तिच्या खोलीत बसला होता. आक्कानं माळ काढली. ती एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली होती. फडक्याचा काठ त्याच्या ओळखीचा निघाला.

"ही पंख्याखालची घडी ना? दादांच्या धोतराची?"

"व्हय."

"काढलीस का तिथनं? पंखा डगमगत नाही?"

"न्हाई," आक्का माळेचे मणी सरळ करत म्हणाली. "ह्याला चारी पाय हाईत की."

गोमटेशला आधी कळलंच नाही. मग कळलं. स्टिकर, टेप, बटणं, पाती, जाळी, सगळं त्यानं बदललं होतं. वरून जे जे दिसतं ते सगळं. खालचं रबर कुणी बघेल असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आक्का तर रोज सकाळी तिथंच हात घालत होती.

"तुला तेव्हाच कळलं?"

"तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं की रं तुला," आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गोमटेश म्हणाला, "न वापरता ठेवायचा होतास."

"न वापरून कसं? तू येवढा घामानं भिजून आणलास. बंद ठेवला असता तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हणून. तोंड दाखवाय लाजला असतास." तिनं माळ पुन्हा घडीत ठेवली. "म्हणून लावला. जाणून लावला म्हंजे नियम मी मोडला, तू न्हाई. माताजींना जाऊन सांगितलं. प्रायश्चित्त म्हणून काय सोडतीस, इचारलं त्यांनी. मी म्हटलं, मला आवडतंय असं एकच हाय."

गोमटेशला शुगरचा विनोद आठवला. तो उठून बाहेर गेला, कारण तिच्यासमोर बसवेना. लाज वाटली त्याला, नुसती लाज. आईला वारा मिळावा म्हणून आपण केलं, असं तो स्वतःला सांगू लागला, पण ते खोटं होतं. आईचं काम डोक्यावरून एकदाचं उतरावं म्हणून त्यानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात असताना त्यानं गोदामातून जुना पंखा काढला. वर्तमानपत्र पसरलं. बैठक उलटी केली. आत दादांनी केलेल्या एका खुंटीचा पिवळट बुंधा अजून चिकटलेला होता. बाकीच्या जागा कानशीनं घासून खरबरीत केल्या. ठिबकच्या बारीक नळीचे तुकडे कापून खुंटीच्या मापाचे केले, ते उभे धरले आणि बुडाशी क्विक, सोडा, क्विक, सोडा असे थर दिले. एक तुकडा तिरका बसला. तो फोडून पुन्हा केला. दादांच्या बुंध्यावर मात्र त्यानं नळी घातली नाही, थरावर थर देत तीच खुंटी वाढवली. स्क्रूंना ग्रीस लावलं. शेवटचा आटा दोन बोटांनी. आटपाडीचा एक डाळिंबवाला बघत उभा होता, तो म्हणाला, "आवं, नवा का घेत न्हाई?" गोमटेशनं पुढचा स्क्रू उचलला.

काम फार वेळाचं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीच्या आत झालं. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी पाती, जाळी, बटणं आणि स्टिकर जिथल्या तिथं गेली. साताऱ्याचा पंखा त्यानं मंदिराच्या भोजनशाळेत देऊन टाकला. जुना पंखा स्टुलावर ठेवला तेव्हा तो एका बाजूला कलला. आक्कानं माळ पेटीत ठेवली, घडी झटकली आणि त्या पायाखाली सरकवली. बटण दाबलं. पंखा जुन्यासारखाच घुरघुरत फिरायला लागला.

"आता झाला," आक्का म्हणाली. ती खरंच खूश झाली होती. पंख्यासमोर पदर धरून लहान मुलीसारखी उभी राहिली.

जेवायला बसल्यावर गोमटेश स्वतः उठला. डब्यातून चांगला मऊ, पिवळाधमक खडा निवडला आणि तिच्या ताटात ठेवला.

"आता खा आक्का. तुझा पंखा आला परत. नवी वस्तू गेली घरातनं. नियम पहिल्यासारखा झाला."

"पंख्याचं झालं."

"मग?"

"गूळ आजन्म सोडलाय, गोमटू. तुझा पंखा दुरुस्त हुईस्तवर न्हाई."

"माताजींना विचारू. मी येतो, मी सांगतो माझी चूक."

"सांग की. तुला सांगावंसं वाटत आसल तर जरूर सांग." तिनं खडा उचलला, नाकाजवळ नेला, डोळे मिटून वास घेतला. "नवा हाय. राखेचा वास न्हाई. चांगल्या गुऱ्हाळाचा." आणि हात लांब करून तो त्याच्या ताटात ठेवला. "माझ्या वाटचा तू खा."

"नको मला."

"खा रं. वाया घालवायचा न्हाई."

प्रियदर्शनी भाकरी वाढायची थांबली होती. गोमटेशनं खडा तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत आक्का त्याच्याकडं बघत होती. मग तिनं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "कसा हाय?"

त्याला सांगावं लागलं.

"गोड आहे, आक्का."