हिरव्या खुणेचं प्रसूतिगृह

बेगायमचं बूड टेकत नव्हतं. सुईण उलकान-एजेने, म्हणजे उलकानताईने, चहा ओतला, पाव मोडून पुढे ठेवला, तरी ती उभीच. शेजारच्या खोलीत तिची मुलगी मीरगुल नर्सकडून तपासून घेत होती. दिवस भरत आले होते. बेगायमची नजर मात्र कपाटातल्या पुड्यांवर. बाळंतपणाची हत्यारं जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रातून निघाली की पुड्यावरची पट्टी काळी व्हायला हवी. इथल्या पट्ट्या जेमतेम तपकिरी होत्या.

ती आली होती आई म्हणून. एरवी ती प्रांताची आरोग्य तपासनीस. पण नव्या पद्धतीत जिथे धोका जास्त, तिथेच तपासणी. तक्रारी, जंतुसंसर्ग, मृत्यू यांवरून संगणक लाल किंवा हिरवी खूण देई, आणि हिरव्या ठिकाणी तक्रारीवाचून पाऊल टाकायचं नाही. खोऱ्यातलं हे प्रसूतिगृह कायम हिरवं. उलकान-एजेविरुद्ध तक्रार करणार कोण? इथे बाळाची नाळ कापणारी सुईण जन्मभराची नाळ-आई होते. निम्मं खोरं तिचं होतं. मीरगुलसुद्धा.

विचारल्यावर एजेने लपवाछपवी केली नाही. यंत्र शरद ऋतूपासून नीट तापत नव्हतं, बिघाडाचं न सांगता नवं मागूनही मिळालं नव्हतं. म्हणून हत्यारं ती आधी उकळून घेई. पण हे वर कळवलं तर लाल खूण, आणि मग कुलूप.

"कुलूप लागलं की बायकांनी जायचं कुठं? घाटापलीकडं? मागच्या हिवाळ्यात एक गाडीतच बाळंत झाली. तिला जाऊन विचार, पट्टी काळी होती का म्हणून."

नुसत्या उकळण्याने न मरणारे जंतू असतात, हे एजेलाही ठाऊक होतं.

टाके पिकलेली, पण कुठेच नोंद न झालेली एक बाळंतीण गावात होती. बेगायम तिच्याकडे गेली, तक्रार दे म्हणून विनवलं. सून काही बोलायच्या आत सासू दारात आडवी आली. "उद्या नातवाच्या लग्नात नाळ-आईच्या जागी कुणाला बसवू? तुला?"

शेवटी तिने स्वतःच तक्रार लिहिली. त्याआधी एजेला फोन करून सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, बस. कचेरीतले साहेब म्हणाले, तक्रारदार तू, तेव्हा तपासायला दुसरे जातील. ते दिवस तिने येरझारा घालत काढले. तपासनीसांनी प्रसूतीची खोली मोहोरबंद केली. नवं यंत्र येणार होतं. कधी, ते कुणालाच सांगता येईना. मीरगुल आईशी बोलायची थांबली.

मग घाटावर बर्फ पडणार अशी बातमी आली, आणि थांबण्यात अर्थ उरला नाही. पलीकडच्या इस्पितळात वेळेआधीच जाऊन राहायचं ठरलं. बेगायमने गाडी सुरू केली, तेवढ्यात मागचं दार उघडलं. पिशवी आत सारून उलकान-एजे मीरगुलशेजारी बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवला. मीरगुल हुंदका देऊन तिला बिलगली.

आरशात बेगायमची आणि एजेची नजरानजर झाली.

"हळू चालव," एजे म्हणाली. "अन् माझ्याशी बोलू नकोस. तुझ्यासाठी आले नाही मी."

बेगायमने मान डोलावली आणि गाडी घाटाकडे वळवली.