तिसऱ्या मजल्यावरचं भात

"आग कुठं हाय मावशी? आग कुठं हाय?"

समोरच्या फ्लॅटमधली शरीफा पाण्याची बादली घेऊन आत घुसली, तेव्हा सोनाबाई हॉलच्या खिडकीशी फतकल मारून बसली होती आणि पुढ्यातल्या घमेल्याला फुंकर घालत होती. घरभर धूर कोंडला होता.

"आग नाय गं. राब भाजतेय."

शरीफा चौक गावच्या गॅरेजवाल्यांची लेक. ट्रकचं तिला सगळं ठाऊक होतं, राबाचं काही नाही. सोनाबाईने तिला बसल्या जागी समजावलं. खाली माती, तिच्यावर शेण, मग पालापाचोळा, वरून पुन्हा माती, आणि मग पेटवायचं. तण जळतं, माती भाजते. मग त्यात भाताचं बी टाकायचं, रोप जोमानं येतं.

"पण हे घरात?" शरीफा खोकत म्हणाली.

"मंग काय जिन्यात करू?"

शेलूच्या त्या सोसायटीत गच्चीला कुलूप होतं आणि खाली सगळीकडे फरशी. शेण तिने स्टेशनमागच्या गोठ्यातून आणलं होतं, पिशवीत घालून, लिफ्टने. लिफ्टमध्ये लोक नाकाला रुमाल लावत होते, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर इकडेतिकडे बघत राहिली.

संध्याकाळी सेक्रेटरी येऊन बोलून गेले. सून हर्षला लॅबमधून आली ती पडद्यांचा वास घेत उभी राहिली. आणि संतोष, तिचा मुलगा, कपाळाला हात लावून म्हणाला, "आये, तुला काय कमी केलंय का आमी? हे घर हाय का शेत?"

"बी मरंल रं," सोनाबाई एवढंच म्हणाली.

खरी गोष्ट तेवढीच होती. कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याला त्यांचं तांबड्या भाताचं खाचर होतं. बी घरचं, सासूच्या सासूपासून चालत आलेलं. भाताचं बी फार दिवस दम धरत नाही. दरसाल पेरावं, दरसाल राखावं. धाकलू, तिचा नवरा, अंथरुणाला खिळला त्या साली पेरणी राहिली, आणि तो गेल्यावर जमिनीचे प्लॉट पडले. विक्रीच्या कागदावर तिचाही अंगठा होता, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? बियाण्याचा पत्र्याचा डबा मात्र ती मांडीवर घेऊन शेलूला आली. त्यातलं टोके-किड्यांनी खाऊन ओंजळभर उरलं होतं. यंदा नाही पेरलं तर संपलंच.

घरात रोप वाढवायचा तिला अनुभव शून्य. पहिला प्रयोग तिने हर्षलाच्या मनीप्लांटवर केला होता. कुंडीच्या बुडाला भोक बघून तिला दुकानदाराची कीव आली. फुटकं भांडं गळ्यात मारलं म्हणायचं! तिने भोक मेणाने बुजवलं आणि काठोकाठ पाणी भरलं. पाण्यात उभं राहिल्याशिवाय रोप धरत नाही, हे ती जन्मभर बघत आली होती. मनीप्लांट त्या चिखलात आठवड्यात कुजून खाली बसला. त्या रात्री हर्षलाने ताटं जरा जोरात मांडली.

त्याच कुंडीत तिने राबाची माती भरली; भाताला मात्र ते बुजवलेलं भोक मानवलं. बी जुनं, उगवण विरळ होणार, म्हणून सोनाबाईने हात राखला नाही, डब्यातलं सगळंच टाकलं. धाकलू असता तर शिव्या घातल्या असत्या त्याने. डबा कधी रिकामा करू नये म्हणायचा.

जी रोपं आली ती तिने दोन टबांत चिखल करून लावली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून टब स्टुलावर ठेवून उभ्यानेच लावणी केली. खिडकीत ऊन सकाळचं तेवढंच यायचं, मग शेजारच्या नव्या इमारतीची सावली. ती टब फिरवत राहायची. रोपं उंच झाली, पण फिकी.

"जेवून घे आये, ते काय पळून नाय जात," संतोष म्हणायचा.

गणपती गेले आणि लोंब्या बाहेर पडल्या. हर्षला हरखली. फोटो काढून तिने लॅबमधल्या सगळ्यांना पाठवले. मनीप्लांटचा राग गेला होता. "आई, तुमच्या हाताला यश आहे!" ती म्हणाली.

सोनाबाई रोज उठून आधी खिडकीशी जायची. लोंबी भरली की मान टाकते. या काही मान टाकत नव्हत्या. दिवसामागून दिवस गेले, पानं पिवळी पडली, तरी त्या उभ्याच.

"बघा ना, किती ताठ आहेत!" हर्षला म्हणाली.

"हां," सोनाबाई म्हणाली.

घरात कुणी नाही असं बघून तिने एक लोंबी मुठीत चुरली. नुसतं पळिंज. टरफलं, आत दाणाच नाही. दुसरी चुरली, तिसरी चुरली. मग हात झटकून ती खाली बसली आणि पोटभर रडली. धाकलू गेला तेव्हा माणसं होती, रडायला उसंत मिळाली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी नवं बांधायचं असतं, नव्या भाताची लोंबी दाराला. हर्षलाने झेंडूचं तोरण ओवलं. सोनाबाईने ट्रंकेतला विळा काढून लोंब्या कापल्या, आंब्याच्या पानांत जुडी करून दाराला बांधली. कुणालाच काही सांगितलं नाही. संतोषने बुटाची लेस बांधता बांधता वर बघितलं आणि हात जोडले.

शरीफाही दारात आली. "काय झ्याक दिसतंय मावशी! मला दोन दाणे द्या ना, मी पण पेरते."

"दाराला बांधलेलं सोडत नाय गं," सोनाबाई म्हणाली आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

संतोष आणि शरीफा गेल्यावर तिने बियाण्याचा डबा घासून काढला, पदराने कोरडा केला आणि ओट्यावर हर्षलापुढे ठेवला.

"डाळ भर यात. तुला जागा पुरत नाय ना?"

"पण आई, या डब्यात खायचं ठेवत नाहीत म्हणता ना तुम्ही?"

"आता ठेव," सोनाबाई म्हणाली आणि झाकण शोधायला वळली.