घंटा नसलेले घर

१२ नोव्हेंबर २०१९, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे. गर्भजलातील वीस पेशी तपासल्या होत्या. विसांतही सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून, उलटा फिरून, आपल्याच जागी पुन्हा बसलेला आढळला.

"हरवलेलं काही नाही, फक्त क्रम उलटलाय," डॉक्टरीणबाई गर्भवतीला आणि तिच्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणात हाच बदल असेल आणि ते निरोगी असतील, तर बाळही बहुधा निरोगी. मात्र तुटलेल्या जागी एखादं जनुक सापडलं, तर ते निकामी होतं."

दोघांचे रक्त तपासले. बदल नवऱ्यात निघाला.

"तरीच!" बायको सुटकेने हसली. "सांगेन त्याच्या उलट वागतोस, ते उगाच नाही."

घरी सासूबाई हसल्या नाहीत. "निरोगी कशाला म्हणते गं ती डॉक्टरीण?"

"अगं आई, मी धडधाकट बसलोय ना समोर?"

"तुझे बाबाही धडधाकटच होते. पहाटे गजर झाला, दचकून उठले आणि गेले. तुझी आत्या फोन वाजला तेव्हा."

सुनेने घरभर नजर फिरवली. या घरात गजराचे घड्याळ नव्हते. दारावरच्या घंटेची तार कापलेली होती. फोन नुसते थरथरत. सासूबाईंना आवाज सोसत नाही, असे ती चार वर्षे समजत आली होती. आता ती शांतता, भिंतीमागे कुणी श्वास रोखून उभे असावे, तशी भासू लागली.

"आई, बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? आवाजानं माणूस मरतो? वेड्यात काढलं असतंत मला."

दुसऱ्या दिवशी हे मृत्यू ऐकून डॉक्टरीणबाईंनी गुणसूत्राची तुटलेली जागा पुन्हा तपासायला लावली. अहवाल आला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरणारे जनुक नेमके तिथेच दुभंगले होते.

"अशा हृदयाला सावरायला वेळ लागतो. तेवढ्यात अचानक आवाज झाला, तर ठोका बिघडतो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हृदयाचा हृदयाचा आलेख काढू. सावरायचा वेळ साडेचारशे मिलिसेकंदांच्या आत आला, तर माझी शंका खोटी. पाचशेच्या वर गेला, तर आजच भरती व्हायचं, आणि बाळाच्या हृदयावरही आतापासून लक्ष ठेवायचं."

तो टेबलावर आडवा झाला. बायकोचा हात पोटावर होता. कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून मोजले, मग पुन्हा मोजले.

पाचशे बारा.