यादीत नसलेली वस्तू

संपदानं भावासाठी आणलेल्या सामानाच्या यादीवर सही केली तेव्हा वस्तू सात होत्या. झडतीत आठ निघाल्या.

"मास्तरीणबाई, शाळेत गणित शिकवता ना?" वॉर्डाच्या दारावरचा शिपाई भावसिंग म्हणाला. "सात अन् आठातला फरक कळून न्हाई राहिला काय?"

"विज्ञान शिकवते."

टेबलावर तिच्या भावाचा, नचिकेतचा नवा शर्ट होता. कॉलर उसवलेली, आतून निघालेल्या पुडीत राखाडी भुकटी.

चार वर्षांपूर्वी आजाराच्या भरात नचिकेतच्या हातून वडील गेले. कोर्टानं त्याला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात पाठवलं. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी संपदा एकटीच औंढ्याहून पहिल्या एसटीनं निघे. नातेवाइकांनी येणंजाणं बंद केलं. आईनं त्याचं नाव घेणंही सोडलं. भेट संपताना जाळीपलीकडून नचिकेत एकच विचारी, "आई काही बोलली का माझ्याबद्दल?" संपदाला खोटं जमत नसे. "नाही," ती म्हणे.

तिनं पुडीकडे नीट पाहिलं. कॅलेंडरचा कागद, चौकोनी घडी, एक कोपरा आत खोचलेला. देवळातला प्रसाद आई असाच बांधायची. काल हा शर्ट तिनं बटण लावायला आईकडे दिला होता.

"नागनाथाचा अंगारा आहे," ती म्हणाली.

"मले दिसून राहिलं. मी बी तिकडचाच, सेनगावचा. पण तपासून आल्याबिगर न्हाई सोडता येत. आजची भेट रद्द. कोणी ठेवला ते लिहून द्या. ज्यानं ठेवला त्याला तीन महिने भेट बंद."

"आईनं ठेवला."

"मंग आईला बंद."

"ती कधी आलीच नाही."

भावसिंगनं कागद पुढे सरकवला. तिनं लिहिलं: अंगारा रुग्णाची आई कालिंदी यांनी कॉलरमध्ये शिवला. मला माहीत नव्हतं.

"हे त्याला वाचून दाखवाल?"

"कागद फायलीत जातो, बाई."

"मग तोंडी सांगा. तो विचारेल."

"काय सांगू?"

"आई बोलली नाही म्हणावं. पण कॉलर तिनं शिवली होती."

"शर्ट देतो आत," तो म्हणाला. "उसवलेलाच."

भेटबंदीची एक प्रत तिला मिळाली. एसटीत खिडकीशी बसून तिनं ती दोनदा वाचली. रुग्ण: नचिकेत. नातेवाईक: कालिंदी, आई. तीन महिन्यांनंतर भेटीस मुभा. शेजारची जागा रिकामीच होती. घरी गेल्यावर हा कागद आईच्या हातात द्यायचा, काही न बोलता.