एक वाक्य कमी

बॅकस्पेसच्या कळीवरचा बाण केव्हाच झिजून गेला होता. आता तिथं बोटाच्या मापाचा एक गुळगुळीत, जरासा खोलगट चौकोन उरला होता, आणि नीलम सकाळपासून त्यावर बोट ठेवून बसली होती—दाबत नव्हती, नुसतं ठेवून. बावीस वर्षांचं काम त्या चौकोनात होतं. लग्नपत्रिका, कानडी नोटिसा, शाळांचे पेपर, हौशी कवींचे संग्रह... हजारो चुका त्या एका बोटानं पुसल्या असतील आणि त्यातली एकही आठवत नव्हती. एक सोडून. आणि ती चूक नव्हती.

टेबलावर फोन थरथरला. 'कक्षेबाहेरचे' ग्रुपवर आणखी कुणीतरी पुस्तक वाचून संपवलं होतं.

चौतीस वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरांनी, दत्तोपंतांनी, 'कक्षेबाहेरची वस्ती' नावाची कादंबरी लिहिली. शनीच्या एका चंद्राभोवती फिरणारी माणसांची वस्ती, तिच्या मालकीवरून भांडणाऱ्या दोन संस्था, आणि शेवटी वस्ती अडचणीत आल्यावर दोन्हीकडून आलेलं एकच उत्तर—ती आमच्या कक्षेत येत नाही. बेळगावात, निपाणीत, खानापुरात हे उत्तर कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. सगळे यानातून निघून जातात आणि पाण्याचं यंत्र बघणारी शर्वाणी एकटी मागं राहते. 'शर्वाणीनं आतून दार लावून घेतलं.' पुस्तक तिथं संपतं. त्या बंद दारावर या भागातल्या एका पिढीनं वाद घातले, पत्रं लिहिली, दोघांनी मुलींची नावं शर्वाणी ठेवली, आणि दत्तोपंत दुसरा भाग लिहीत आहेत ही बातमी दर दोन वर्षांनी उठून विरत राहिली. शेवटी तो आला. 'परतीची कक्षा'. बारा दिवसांपूर्वी. अक्षरजुळणी—नीलम मष्णू पाटील, पिरनवाडी.

शेवटच्या पानावर एक तरुण वैमानिक त्या दारापाशी पोचतो. शेवटच्या दोन ओळी आता लोकांच्या स्टेटसवर होत्या. 'दार उघडलं. आतला दिवा चालू होता.'

काकतीच्या भावकू आण्णांनी आवाजातला निरोप पाठवला होता. निवृत्त कंडक्टर, पहिला भाग बावीस वेळा वाचलेला माणूस. नीलमनं तो तिसऱ्यांदा लावला. “आता मी मेलो तरी चालतंय बघा. दिवा चालू हाय. दिवा चालू हाय म्हंजे ती हाय.” मधेच आवाज फाटला होता आणि मागून सून काहीतरी विचारत होती. निपाणीचा निशांत, ग्रुपचा चालक, कॉलेजात शिकवणारा, चिडला होता: चौतीस वर्षं थांबवून म्हाताऱ्यानं पुन्हा शेवट उघडाच ठेवला, ही कला नाही, ही पळवाट आहे. त्याच्यावर चाळीस जण तुटून पडले होते. हे सगळं ठीक होतं. लोक रडत होते, भांडत होते, पुस्तक जिवंत होतं. पण काल दुपारी जांबोटीच्या शाळेतल्या जयाबाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या ओळींवरून नीलमची नजर हलत नव्हती.

'मला हा शेवट उघडा वाटत नाही. जिना उतरताना शेवटची पायरी नसल्यासारखं होतं. एक वाक्य कमी आहे.'

त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

पलीकडं मशीनवर भरमा शाई पुसत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, “आक्का, दत्तोपंत सरांचा फोन आलता. तुम्ही खाली गेलता तवा. चारच्या सभेआधी घरी येऊन जा म्हणालेत.”

“आणि काय म्हणाले?”

“आणि काय न्हाय. पुस्तक घिऊन या म्हणाले.”

रिक्षात बसल्यावर तिनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. कशाला बोलावलं असेल... सभेत काय बोलायचं ते लिहून घ्यायला. किंवा दुसऱ्या आवृत्तीचं काही. तसं असेल. सरांना दिसत नाही, तीन वर्षांपासून मधोमध नुसता काळा डाग दिसतो, कडेकडेनं उजेड. त्यांना पान दिसणार नाही, जयाबाईंचा निरोप दिसणार नाही—पण अबोली आहे. नात त्यांना रोज सगळ्या प्रतिक्रिया वाचून दाखवते. आणि प्रत्येक माणूस एकच म्हणतोय, शेवट उघडा ठेवला, उघडा ठेवला. ज्या माणसानं तो बंद केला त्याला हे बारा दिवस कसं ऐकू येत असेल?

कारण ते वाक्य होतं. सरांच्या मार्कर पेननं लिहिलेल्या, अंगठ्याएवढ्या अक्षरांच्या हस्तलिखितात, शेवटच्या पानावर, एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली. दिसत नसताना लिहिणाऱ्याचं अक्षर. दुसऱ्या कुणाला ते लागलं नसतं. मला लागलं. तीन वर्षं ते अक्षर मी रोज वाचत होते. मी ते टाइप केलं. वाचलं. आणि मग बोट त्या चौकोनावर गेलं—मी ठरवलं नव्हतं, असं म्हणायला हवं, पण ते खरं नाही; पहिलं अक्षर गेल्यावर मी थांबले होते, गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली, आणि मग मी उरलेली अक्षरं एकेक करून पुसली.

आणि प्रूफ वाचून दाखवताना? ते तर तिनं स्वतःच वाचून दाखवलं होतं, सरांच्या समोर बसून. छापील पानावर 'दिवा चालू होता'च्या पुढं पांढरी जागा होती आणि त्या पांढऱ्या जागेवर नजर ठेवून तिनं ते वाक्य म्हटलं होतं, शांतपणे, स्वल्पविरामासकट. सरांनी मान हलवली होती. जाऊ दे छापायला.

हे आठवलं की तिला दर वेळी भय वाटायचं. वाक्य काढलं त्याचं नाही. म्हटलं त्याचं.

अबोलीनं दार उघडलं. ती सभेसाठी तयार झाली होती, हातात फोन. त्या एका फोनखेरीज आजोबा सकाळपासून कुणाशी बोलले नाहीत, असं तिनं हळू आवाजात सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेली. दत्तोपंत खिडकीकडं पाठ करून बसले होते, कडेनं बघायला बरं पडतं म्हणून मान जरा तिरकी. त्या तिरक्या मानेमुळं ते नेहमी तिच्या खांद्यापलीकडं उभ्या असलेल्या कुणाकडं तरी बघतायत असं वाटे. नववीच्या वर्गात ते असे बघत नसत. तेव्हा सरळ बघत आणि ती नजर चुकवी. त्या वर्षी तिनं 'कक्षेबाहेरची वस्ती' वाचनालयातून आणली होती आणि आपल्या मास्तरांना ते कधीच सांगितलं नव्हतं.

“शेवटचं पान वाच,” ते म्हणाले.

तिनं उभ्याउभ्याच पुस्तक उघडलं. बसायला त्यांनी सांगितलं नव्हतं. वैमानिक बोगद्यातून सरकत येतो तिथपासून तिनं सुरुवात केली, आवाज ठीक निघाला, तिला वाटलं हे होऊन जाईल, प्रूफच्या वेळी झालं तसं... वाक्य जिभेवर तयारच होतं, ते कधी गेलंच नव्हतं. 'दार उघडलं. आतला दिवा चालू होता.' ती थांबली. आतून कपबशा मांडल्याचा आवाज आला. आता म्हणायचं. नुसतं म्हणायचं. सर म्हणतील, मग लोक असं का बोलतायत, आणि ती म्हणेल, लोकांना कळलं नाही, सर.

“पुढं?”

“पुढं नाही, सर.”

दत्तोपंतांनी अगदी साध्या, वर्गातल्या आवाजात विचारलं, “माझं अक्षर लागलं नाही का तुला?”

दार त्यांनीच उघडून दिलं होतं. त्यातून बाहेर पडता आलं असतं. हो सर, ओळीवर ओळ होती, मला वाटलं खोडलंय. बस. कुणीही विश्वास ठेवला असता. आणि त्यांना ते खोटं हवं होतं, हे तिला त्या आवाजावरून कळलं, म्हणूनच ते बोलणं अशक्य झालं.

“लागलं होतं.”

“मग?”

मग... आप्पा. आप्पा गेल्या वर्षी गेले, दुपारचं जेवून पडवीत आडवे झाले ते उठलेच नाहीत, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ते पान टाइप करून लावलं, हे खरं होतं, तारखा खऱ्या होत्या. हे सांगितलं तर सरांचा चेहरा बदलेल. माणूस गेलेल्या घरातली बाई, तिच्या हातून झालं. तिला दिसलं की आपण आपल्या बापाचं मरण हातात घेऊन, पुढं करावं का नको ते बघतोय, आणि तिला स्वतःची किळस आली. आप्पांचा यात काही संबंध नव्हता. आप्पांनी आयुष्यात गोष्टीचं पुस्तक वाचलं नव्हतं. कुणाचाच संबंध नव्हता. चौदाव्या वर्षापासून ती एक बाई माझ्याबरोबर होती—रताळी काढताना, टायपिंगच्या क्लासला जाताना, लग्न मोडल्यावर, दुकानात—तिथं बसून पाण्याचं यंत्र बघत होती, आणि मला त्याचा आधार होता. एवढंच. एवढंसं कारण.

“मला ती तशी नको होती,” ती म्हणाली.

दत्तोपंतांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “पहिला भाग लिहिला तेव्हापासून ते वाक्य माझ्याकडं होतं. चौतीस वर्षं. दुसऱ्या पुस्तकाला ते एकच वाक्य होतं, नीलम, बाकीचं सगळं तिथपर्यंत पोचायला. मला ते लिहवत नव्हतं म्हणून पुस्तक होत नव्हतं.” ते थांबले. “तू तर वाचून दाखवलंस मला.”

“पाठ होतं.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अबोली चहा घेऊन आली, दोघांकडं बघितलं आणि ट्रे ठेवून उभी राहिली. सरांनी कपाचा कान बोटांनी शोधला. चार वाजता ये, एवढंच म्हणाले.

वाचनालयाचा हॉल साडेतीनलाच भरला होता. भावकू आण्णा पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, मांडीवर पुठ्ठा सुटलेली पहिली आवृत्ती. जांबोटीहून बस वेळेवर मिळत नाही, जयाबाई येणार नाहीत असं नीलमनं धरलं होतं; त्या खिडकीजवळ बसल्या होत्या, बारीक, पिकल्या केसांच्या, छत्री पायाशी. नीलम शेवटच्या रांगेत बसली. सर आता सांगणार. सगळ्यांसमोर. ही बाई, हिनं. तिनं ते चहा थंड होईपर्यंत मान्य करून टाकलं होतं, तरी दोनशे माणसं एकदम मागं वळून बघतील तेव्हा आपण कुठं बघायचं हा एकच प्रश्न डोक्यात फिरत होता.

निशांतनं बोलायला सुरुवात केली. समोरासमोर तो फार नम्र होता, पण प्रश्न तोच: सर, ती आहे की नाही हे तुम्ही का ठरवलं नाही? सभेत कुजबुज झाली, कुणीतरी त्याला बसायला सांगितलं. भावकू आण्णा उठले आणि म्हणाले की ठरवायचं काय त्यात, दिवा चालू हाय की. लोक हसले, प्रेमानं. मग जयाबाई उठल्या. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. म्हणाल्या की मला फक्त शेवटचं पान एकदा मोठ्यानं ऐकायचं आहे, डोळ्यांनी वाचताना काहीतरी निसटतंय.

दत्तोपंतांनी माईक जवळ ओढला. मान तिरकी करून ते हॉलच्या मागच्या भिंतीकडं कुठंतरी बघत होते.

“मला तर दिसत नाही,” ते म्हणाले. “शेवटचं पान नीलमताई वाचतील. ते त्यांनी लावलंय.”

नीलमताई. 'तू' नाही, 'त्या'. तिला आधी वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणाले. मग माणसं वळली, कौतुकानं, वाट देत. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं आणि ती चालत गेली. ते सांगणार नव्हते. ते कधीच सांगणार नव्हते. आरोप नाही, माफी नाही—पान तिच्या हातात देऊन ते बाजूला झाले होते.

तिनं वाचलं. बोगदा, गोठलेल्या नळ्या, हातमोज्याखालचं दाराचं चाक. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता. 'दार उघडलं. आतला दिवा चालू होता.'

टाळ्या सुरू झाल्या. भावकू आण्णा डोळे पुसत होते, निशांतसुद्धा वाजवत होता. जयाबाई वाजवत नव्हत्या. त्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या, ओठांकडं, जसं एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे शिक्षकाला माहीत असतं. दत्तोपंत खाली मान घालून बसले होते.

आणि नीलमला शर्वाणी जिवंत दिसत नव्हती. या सगळ्यांना दिसत होती—दाराच्या आत, दिव्याखाली, म्हातारी झालेली, वळून बघणारी, प्रत्येकाची आपापली. आपल्यालाच फक्त ती भिंतीला टेकून बसलेली दिसते, हात मांडीवर, आणि किती वर्षांपासून तेही माहीत आहे. 'आत शर्वाणी बसलेली होती, आणि तिला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.' या हॉलमध्ये दोनच माणसांना हे ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकानं आज ते ओझं दुसरीच्या पुढ्यात ठेवून दिलं होतं. ती जिवंत हवी म्हणून मी ते वाक्य पुसलं, आणि सगळ्यांसाठी ती जिवंत झाली, माझ्याखेरीज. भीती कुठं गेली ते तिला कळलं नाही. पकडलं जाण्याची भीती सकाळपासून छातीवर बसली होती, ती आता नव्हती; तिच्या जागी एक वेगळीच घाई होती, लहानपणी घरात काही अशुभ घडल्यावर शेतात आप्पांकडं धावत सुटताना व्हायची तशी—सांगायला जायची घाई, सांगितल्यावर समोरचा चेहरा कसा होईल हे माहीत असूनही.

तिनं पुस्तक मिटलं नाही. माईक अजून तोंडासमोर होता. टाळ्या मागच्या रांगांतून ओसरत पुढं येत होत्या.